सगळा फरक एका वॉशरचा: प्रवासातली कॉफीयंत्रे, अस्सल आणि नकली

माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर सध्या प्लास्टिकची दोन नळकांडी शेजारी शेजारी उभी आहेत. दोन्ही करड्या रंगाची, अर्धपारदर्शक, वीतभर उंचीची. दोन्हींवर गोलात छापलेले एक ते चार आकडे आहेत आणि दोन्हींना षटकोनी कडा आहे. त्यांतले एक एअरोप्रेस नावाचे, नळीतली कॉफी दट्ट्याने दाबून गाळणारे, अमेरिकेत बनलेले अस्सल यंत्र आहे आणि दुसरे त्याच्याच बांध्याचे, परंतु त्याच्या जेमतेम चौथ्या हिश्शाच्या किमतीत मी ऑनलाइन मागवलेले. घरी येणाऱ्या पाहुण्यांना यांतले खरे कोणते असे विचारले, तर निम्मे लोक चुकतात, आणि त्यात त्यांचा काहीच दोष नाही, कारण जिथे फरक आहे ती जागा डोळ्यांना दिसत नाही.

ती जागा हाताला मात्र लगेच कळते. दट्ट्याच्या टोकाचे रबर पाण्याने ओले करून तो नळीत थोडासा घालावा, नळीचे खालचे तोंड तळहाताने घट्ट झाकावे आणि दट्ट्या खाली दाबावा. अस्सल यंत्रात सायकलच्या पंपाचे तोंड अंगठ्याने बंद केल्यावर मिळते तशी उसळी हाताला मिळते, आणि दाब सोडला की दट्ट्या आपसूक वर येतो. नकली यंत्रात एक बारीक फुसकारा ऐकू येतो आणि दट्ट्या मुकाट खाली जातो. सायकलच्या दुकानात ज्याला वायसर म्हणतात, त्या रबरी वॉशरचा हा सगळा कारभार आहे. कॉफीचा विषय निघाला की चर्चा बिया, भाजणी आणि चव यांच्याकडे वळते, तथापि छोट्या प्रवासी यंत्रांच्या बाबतीत अस्सल आणि नक्कल यांतला निवाडा बहुतेक वेळा या वायसराजवळ, त्याच्या शेजारच्या झडपेजवळ आणि वायसर ज्या प्लास्टिकला टेकतो त्या भिंतीजवळ होतो.

हे समजून घेण्यासाठी आधी यंत्राकडून आपण नेमके काय करवून घेतो ते पाहावे लागेल. भाजून दळलेल्या कॉफीच्या कणांमध्ये पाण्यात विरघळणारे आणि न विरघळणारे असे दोन्ही प्रकारचे पदार्थ असतात. गरम पाणी कणांतून फिरवायचे, हवे तेवढे विरघळवून घ्यायचे आणि चोथा मागे ठेवायचा, एवढेच काम. पाण्याला कणांतून पुढे सरकवण्यासाठी जोर लागतो, आणि तो जोर कोठून आणला यावरून यंत्रांच्या जाती ठरतात. दक्षिणेकडचे पितळी किंवा स्टीलचे फिल्टर, व्हिएतनामची फिन, कागद लावलेले शंकूच्या आकाराचे गाळणे, ही सारी केवळ गुरुत्वाकर्षणावर चालतात. तेथे दाब म्हणजे वरच्या चार बोटे पाण्याचे वजन. आपल्याकडच्या जायफळ घातलेल्या दुधाच्या कॉफीला तर एवढीही गरज पडत नाही, पातेले आणि गाळणे पुरते, आणि कदाचित म्हणूनच दाब या गोष्टीकडे मराठी घराने कॉफीच्या संदर्भात कधी पाहिले नाही, कुकरच्या संदर्भात मात्र रोज पाहिले.

दाब मोजण्याचे या क्षेत्रातले चलन म्हणजे बार. आपल्याभोवतीच्या हवेचा समुद्रसपाटीवरचा दाब जवळपास एक बार असतो, आणि एक बार म्हणजे साधारणपणे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो वजन ठेवल्यासारखा दाब. इटलीत आकिले गाज्जा यांनी १९४८ च्या सुमारास तरफेने चालणारी यंत्रे बाजारात आणली, तेव्हापासून एस्प्रेसो म्हणजे सुमारे नऊ बार दाबाखाली पंचवीस-तीस सेकंदांत उतरलेली कॉफी असा संकेत रुळला. चुलीवर ठेवायचे मोका पॉट वाफेच्या जोरावर एक ते दीड बारपर्यंत जाते. आणि एअरोप्रेस? त्याचे गणित आपणच करू शकतो. त्याच्या नळीचा आतला व्यास सुमारे सहा सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ अठ्ठावीस चौरस सेंटिमीटर. मनगट न दुखवता बारा किलो जोर लावला, तर बारा भागिले अठ्ठावीस, म्हणजे ०.४ बारच्या आसपास दाब तयार होतो. याच नळीत नऊ बार हवे असतील तर दट्ट्यावर अडीचशे किलो वजन ठेवावे लागेल. त्यामुळे एअरोप्रेसच्या बांध्याच्या एखाद्या नकलेच्या खोक्यावर ठळक अक्षरांत एस्प्रेसो लिहिलेले दिसले, तर ते खोके तेथेच खाली ठेवायला हरकत नाही. ज्याला भागाकार येत नाही किंवा येऊनही लपवायचा आहे, तो प्लास्टिकबद्दल खरे बोलेल अशी आशा का धरावी?

एअरोप्रेसची कथा थोडी सांगण्याजोगी आहे. ॲलन ॲडलर हे कॅलिफोर्नियातले अभियंते आणि संशोधक. हवेत फार लांब जाणारे एअरोबी नावाचे उडते कडे ही त्यांची आधीची ख्याती. यंत्राच्या नावातला एअरो तेथूनच आलेला आहे. एका माणसापुरती कॉफी घरच्या ठिबक यंत्रात नीट होत नाही, या तक्रारीतून त्यांनी पिचकारीच्या तत्त्वावर हे नळकांडे तयार केले आणि २००५ मध्ये ते विक्रीला आले. तीनच वर्षांनी, २००८ मध्ये, ओस्लो येथे त्याची पहिली जागतिक स्पर्धा भरली. जागतिक असली तरी तिच्यात स्पर्धक होते तीन. आज ती अनेक देशांत खेळली जाते.

या यंत्राचा इतिहास आपल्या विषयाला जेथे भिडतो ती जागा म्हणजे त्याच्या प्लास्टिकात झालेले बदल. सुरुवातीचे यंत्र पॉलिकार्बोनेटचे होते. हे प्लास्टिक काचेसारखे कडक आणि आकाराला पक्के असते, परंतु ते बनवताना बिस्फेनॉल ए हे रसायन वापरतात, आणि त्याचा अंश गरम अन्नात उतरतो की काय या शंकेने त्या काळात जोर धरला होता. २००९ मध्ये कंपनीने बिस्फेनॉल नसलेले प्लास्टिक घेतले आणि २०१४ मध्ये पॉलिप्रॉपिलीनकडे वळली. दरम्यान युरोपीय संघाने २०११ मध्ये बाळांच्या दूधबाटल्यांत बिस्फेनॉल ए असलेल्या पॉलिकार्बोनेटला मनाई केली आणि २०२४ च्या अखेरीस ही मनाई अन्नाशी संबंध येणाऱ्या इतर बहुतेक वस्तूंपर्यंत नेण्याचा नियम केला. अस्सल वस्तूच्या किमतीत हा खर्च मुरलेला असतो: नवा साचा, नव्या चाचण्या, जुन्या मालाचे नुकसान. नक्कल करणारा शेवटची आवृत्ती उचलतो आणि तिच्यामागच्या दोन टप्प्यांचा खर्च त्याला पडत नाही, येथपर्यंत त्याचे स्वस्त असणे समजण्यासारखे आहे. प्रश्न पुढे सुरू होतो.

पॉलिप्रॉपिलीन हे आपल्या डब्या-बाटल्यांतले ओळखीचे प्लास्टिक, तळाशी त्रिकोणात पाच आकडा असलेले. ते सुमारे १६० अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे उकळत्या पाण्याला ते दाद देत नाही. त्याची खोड मात्र अशी की साच्यात ओतल्यावर थंड होताना ते एक ते दोन टक्के आकसते. सहा सेंटिमीटर व्यासाच्या नळीच्या बाबतीत एक टक्का म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून जास्त. हे आकसणे सगळीकडे सारखे व्हावे यासाठी साचा त्या हिशेबाने मोठा करावा लागतो, रस किती जोराने भरायचा ते ठरवावे लागते आणि, सर्वांत महाग गोष्ट, नळी साच्यातच पुरेशी थंड होईपर्यंत थांबावे लागते. साचा जितके सेकंद बंद, तितके सेकंद यंत्र अडकलेले. शंभर नळ्यांच्या वेळेत दीडशे काढायच्या असतील तर कारखाना पहिली कात्री या थांबण्याला लावतो, आणि लवकर बाहेर काढलेली नळी टेबलावर थंड होताना मनाला येईल तशी आकसते. त्यात साच्यातून वस्तू सुटून यावी म्हणून तिला किंचित निमुळतेपणा द्यावाच लागतो. तो बेताचा ठेवणे हे साचा करणाऱ्याचे कसब.

माझ्या ओट्यावरच्या नकलेत या दोन्ही चुका बोटाने दाखवता येतात. दट्ट्या वरच्या चतुर्थांशात सैल चालतो, मध्ये ठीक असतो आणि शेवटच्या दोन सेंटिमीटरांत असा अडकतो की त्यावर अंगाचा भार द्यावा लागतो. कॉफीच्या दृष्टीने हे अगदी उलटे आहे. सुरुवातीला हवा वॉशरच्या कडेने निसटते, म्हणून पाणी कॉफीत मुरण्याआधीच खालून ठिबकू लागते आणि कप कडवट-पातळ अशा विचित्र चवीचा होतो. शेवटी जोर लावावा लागतो तेव्हा खाली ठेवलेला पेला डगमगतो. एकदा माझा डगमगला. पाणी नव्वद अंशांचे होते आणि पावलावर आले, तेव्हापासून मी या विषयाकडे केवळ चवीचा प्रश्न म्हणून पाहणे सोडले.

आता दाबाच्या वरच्या पायरीवर जाऊ, कारण तेथे गोष्टी अधिक गंभीर होतात. हातात मावणारी, पंप मारून खरोखर एस्प्रेसोच्या दाबापर्यंत जाणारी यंत्रे गेल्या दहाबारा वर्षांत लोकप्रिय झाली. हाँगकाँगच्या वाकाको कंपनीची मिनीप्रेसो आणि नंतरची नॅनोप्रेसो ही त्यांतली सर्वांत ओळखीची नावे. नॅनोप्रेसोचे वजन ३३६ ग्रॅम, पाण्याची टाकी ८० मिलिलिटरची, कॉफी मावते आठ ग्रॅम आणि कमाल दाब १८ बार असा कंपनीचा दावा आहे. अंगठ्याने अठरा बार? येथेही भागाकारच मदतीला येतो. मोठ्या नळीऐवजी एक बारीक पंप घेतला, समजा १२ मिलिमीटर व्यासाचा, तर त्याचे क्षेत्रफळ एक चौरस सेंटिमीटरच्या जरा वर भरते, आणि नऊ बारसाठी सुमारे दहा किलो जोर पुरतो. किंमत वेळात मोजावी लागते: अशा पंपाच्या एका दाबात दीड-पावणेदोन मिलिलिटर पाणी पुढे सरकते, म्हणून एका छोट्या कपासाठी वीसपंचवीस वेळा दाबावे लागते. गाडीचे चाक बदलताना जॅक मारतो तोच हिशेब.

या बारीक पंपात दोन एकमार्गी झडपा असतात, एक पाणी आत घेणारी आणि एक पुढे सोडणारी, आणि दट्ट्यावर सदऱ्याच्या गुंडीएवढे रबरी कडे. अस्सल आणि नक्कल यांच्यातली दरी येथे एकदम रुंदावते, आणि त्याला भौतिकशास्त्राचे कारण आहे. बारीक फटीतून द्रव किती वेगाने गळेल हे त्या फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात ठरते: फट दुप्पट झाली की गळती आठपट, तिप्पट झाली की सत्तावीसपट. शिवाय गळती दाबाच्याही प्रमाणात वाढते. म्हणजे ०.४ बारवर चालणाऱ्या नळीत जी फट फक्त फुसकारा काढते, तीच फट नऊ बारवर वीसपटीहून अधिक गळेल. हा लेख वाचून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवावी, कारण कोणत्या यंत्राची नक्कल चालेल आणि कोणत्याची चालणार नाही याचे उत्तर तिच्यातच आहे. गुरुत्वाकर्षणावर चालणाऱ्या शंकूची नक्कल करायला खोडी काढण्याजोगे काही नसते. तेथे शंकूचा कोन आणि आतले खोबण नीट असले म्हणजे झाले, आणि ओल्या कागदाला अस्सल-नकलेचा भेद कळत नाही. कुंभकोणम् पद्धतीच्या फिल्टरला तर मूळ कंपनी हा प्रकारच नाही. दट्ट्याने जाळी खाली दाबायच्या फ्रेंच प्रेसमध्ये जाळीची कड सैल असली तर कपात गाळ येतो, बाकी काही बिघडत नाही. एअरोप्रेसच्या नकला कधी बऱ्या, कधी वाईट निघतात. पंपवाल्या यंत्रांच्या बऱ्याचशा नकला मात्र पहिल्या महिन्यात बऱ्या आणि तिसऱ्या महिन्यात निकामी असतात, कारण कॉफीच्या तेलाने आणि उष्णतेने ते गुंडीएवढे रबर किंचित फुगते, मग कडक होते आणि मग फट पडते.

येथे कोणी म्हणेल की माझ्या स्वस्त यंत्रातून तर मस्त सोनेरी फेस येतो, मग दाब नाही असे कसे म्हणता? शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर एका युक्तीत आहे. चांगल्या एस्प्रेसोवर जो तांबूस साईसारखा थर येतो त्याला क्रेमा म्हणतात. ताज्या भाजलेल्या बियांत अडकलेला कार्बन डायऑक्साइड मोठ्या दाबाखाली पाण्यात विरघळतो आणि कॉफी पेल्यात उतरून दाब नाहीसा झाला की सोड्याच्या बाटलीसारखा बाहेर येऊन कॉफीच्या तेलांसह बारीक बुडबुड्यांचा थर बनवतो. आता एक पर्यायी मार्ग पाहा. कॉफी भरायच्या चाळणीला दोन तळ करायचे. आतल्या तळाला शेकडो छिद्रे आणि बाहेरच्याला सुईच्या टोकाएवढे एकच. द्रव त्या एका छिद्रातून फवाऱ्यासारखा निघतो, हवेशी घुसळला जातो आणि फेस तयार होतो, कॉफी शिळी असो की जाड दळलेली असो. या फेसाचे बुडबुडे मोठे, रंग फिकट आणि आयुष्य अल्प असते. ही युक्ती लबाडीच आहे असे मात्र मी म्हणणार नाही. घरगुती वापराच्या अनेक नामांकित यंत्रांतही ती उघडपणे वापरतात, कारण चांगली दळणी नसलेल्या माणसाची तिने सोय होते. लबाडी तेव्हा होते, जेव्हा त्या फेसाचे छायाचित्र लावून त्याखाली वीस बार लिहिले जाते. वाकाकोचीच २०२१ मधली पिकोप्रेसो अशी युक्ती न करता, १८ ग्रॅम कॉफी उघड्या चाळणीत घेऊन चालते, आणि परिणामी दळण जरा चुकले तरी ती कॉफी पिण्यालायक देत नाही. अस्सल यंत्र वापरणाऱ्याचे लाड करतेच असे नाही.

बारच्या आकड्याबद्दल आणखी एक. एस्प्रेसोला नऊ बार लागत असताना खोक्यावर पंधरा, अठरा, वीस असे आकडे का असतात? ते पंपाच्या कमाल क्षमतेचे आकडे आहेत, कपात उतरणाऱ्या कॉफीवरच्या दाबाचे नव्हेत. दुचाकीच्या स्पीडोमीटरवर १६० पर्यंत आकडे छापलेले असतात, म्हणून कोणी तितक्या वेगाने जात नाही. नकला या आकड्यात एकमेकींवर चढाओढ करतात, कारण आकडा छापायला शाईखेरीज खर्च नाही.

बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रांच्या बाबतीत आपल्याजवळ आणखी पक्के हत्यार आहे, आणि ते शाळेत शिकवलेले आहे. ८० मिलिलिटर पाणी २५ अंशांवरून ९२ अंशांवर नेण्यासाठी ८० गुणिले ६७ गुणिले ४.१८, म्हणजे सुमारे २२,४०० ज्यूल ऊर्जा लागते. बॅटरीच्या भाषेत ती झाली ६.२ वॉट-तास. ही निसर्गाने ठरवलेली किंमत आहे. तिच्यात सूट नाही, उलट यंत्र स्वतः तापते त्याचा भुर्दंड वर पडतो. आता साध्या यूएसबी तारेतून मिळतात ५ व्होल्ट आणि २ अँपिअर, म्हणजे १० वॉट. म्हणजे पाणी तापायला किमान ३७ मिनिटे. मोटारीच्या सिगारेट सॉकेटमधून १२ व्होल्ट आणि १० अँपिअर ओढले तर १२० वॉट मिळतात आणि तेच काम तीन मिनिटांच्या जरा वर होऊ शकते. त्यामुळे मोबाइलच्या साध्या चार्जरला लावा आणि तीन मिनिटांत गार पाण्याची गरम कॉफी घ्या, असे सांगणारी जाहिरात दिसली तर तेथे नक्कल-अस्सल हा वादच संपतो. बॅटरीच्या बाबतीतही असेच: बोटाहून जाड अशा नेहमीच्या लिथियम सेलमध्ये २,५०० मिलिअँपिअर-तास असतात, चांगल्यात ३,५०० च्या आसपास. असे तीन साधे सेल मिळून सुमारे २८ वॉट-तास भरतात, म्हणजे गार पाण्यापासून चार कप आणि तेही उष्णतेचा अपव्यय धरला नाही तर. एका सेलवर ९,९०० छापलेले आढळले तर तो सेल खोटा समजावा. यंत्र पाणी तापवत नसेल, फक्त पंप फिरवत असेल, तर मात्र एका चार्जमध्ये शंभरावर कप हा दावाही खरा असू शकतो, कारण पाणी ढकलायला पाणी तापवण्याच्या तुलनेत नगण्य ऊर्जा लागते. नकलेच्या वर्णनात हे दोन आकडे सोयीस्करपणे एकत्र केलेले मी पाहिले आहेत.

तापमानाचा विषय निघालाच आहे तर सह्याद्रीत फिरणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. दर तीनशे मीटर उंचीला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. १,४२४ मीटर उंचीच्या हरिश्चंद्रगडावर पाणी ९५ अंशांच्या आसपास उकळते आणि १,६४६ मीटरच्या कळसूबाईवर त्याहून किंचित खाली. कॉफीला ९० ते ९६ अंश मानवतात, म्हणजे येथे उकळते पाणी थेट ओतावे. गार होण्याची वाट पाहण्याचा घरातला रिवाज गडावर नको. यंत्राच्या धातूच्या भागात उष्णता जाते तीही तेथे परवडत नाही, म्हणून एकदा नुसते गरम पाणी यंत्रातून काढून ते तापवून घ्यावे. नकलेची आतली भिंत गरज नसताना जाड धातूची केलेली असते, हातात घेतल्यावर भारदस्त वाटावी म्हणून, आणि थंडीत ती पहिल्या कपाचे पाचसात अंश गिळून टाकते. वजन म्हणजे दर्जा हा आपल्या पितळी भांड्यांच्या काळातला समज येथे उपयोगी पडत नाही.

धातूवरून आणखी एक समज सांगतो. स्टील चांगले की नाही हे पाहण्यासाठी लोहचुंबक लावण्याची पद्धत आपल्याकडे घरोघर आहे. चुंबक चिकटले नाही म्हणजे उत्तम प्रतीचे ३०४ स्टील, असे मानले जाते. ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. स्वस्त मालात वापरले जाणारे २०१ स्टील निकेल कमी करून त्याऐवजी मँगेनीज घालून बनवतात, आणि गंमत अशी की तेही चुंबकाला बहुधा चिकटत नाही. ते लवकर गंजते एवढेच. म्हणून चुंबकाने फक्त अगदीच वेगळ्या जातीचे स्टील पकडता येते. त्यापेक्षा वास जास्त खरे बोलतो: नव्या यंत्रात उकळते पाणी भरून अर्धा तास ठेवावे आणि मग ते पाणी हुंगावे, घोटभर चाखून थुंकावे. रबराचा किंवा टायरच्या दुकानासारखा वास दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यानंतरही राहिला, तर ते यंत्र पेन उभे करण्यासाठी वापरावे. सिलिकोनचा वॉशर चिमटीत ताणून तो पांढरा पडतो का, हे पाहण्याची एक कच्ची परीक्षाही लोक करतात. पांढरा पडला तर भेसळीचा भरणा असण्याचा संभव असतो, परंतु रंगीत सिलिकोनमध्ये ही परीक्षा फसते.

एवढे वाचल्यावर नक्कल म्हणजे गुन्हा, असा समज होऊ नये. त्यासाठी मोका पॉटकडे पाहावे. आल्फोन्सो बियालेत्ती यांच्या इटलीतल्या कारखान्यातून १९३३ मध्ये ते आठ पैलूंचे ॲल्युमिनियमचे भांडे निघाले. त्यांचे पुत्र रेनातो यांनी मिशीवाल्या माणसाच्या चित्रासह ते घराघरांत नेले, इतके की २०१६ मध्ये ते वारले तेव्हा त्यांच्या अस्थी मोठ्या मोका पॉटमध्ये ठेवण्यात आल्या. त्या रचनेवर आज कोणाचा एकाधिकार उरलेला नाही, त्यामुळे तसे भांडे कोणीही बनवू शकतो. भारतातही पेटंट अर्ज केल्यापासून २० वर्षे टिकते, नोंदवलेल्या आकाराचे संरक्षण १० आणि वर मागितल्यास ५ वर्षे. व्यापारचिन्ह मात्र दर १० वर्षांनी नूतनीकरण करून अखंड राखता येते. शिवाय पेटंट ज्या देशात घेतले त्याच देशात चालते. याचा अर्थ, मुदत संपलेली किंवा येथे संरक्षणच नसलेली रचना स्वतःच्या नावाने बनवून विकणारा कारखाना काही चुकीचे करत नाही. मिशीवाला माणूस छापणारा मात्र करतो. पहिल्याला आपण अनुकरण म्हणू, दुसऱ्याला बनावट. आणि बनावट मालच अधिक धोक्याचा, कारण ज्याने नावच चोरले आहे त्याच्याकडे तक्रार घेऊन जाणार कोठे?

मोका पॉटमध्ये पाहायची जागा एकच, खालच्या भांड्याच्या कुशीतली छोटी पितळी सुरक्षा झडप. चाळणी चोंदली आणि वाफेला वाट मिळाली नाही तर ती उघडते, कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हचे काम तीच करते. भारतात घरगुती प्रेशर कुकरला भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे आहे, कारण वाफ कोंडलेले भांडे हा विनोद नव्हे. हे भांडे लहान, म्हणून धोका लहान, पण तत्त्व तेच. अगदी स्वस्त नकलांमध्ये ही झडप शोभेपुरती बसवलेली, आतून रंगाने किंवा झाळीच्या थेंबाने बुजलेली सापडू शकते. काडीपेटीतल्या काडीने तिची आतली पिन हलते का हे दुकानातच पाहावे. हलत नसेल तर घासाघीस न करता बाहेर पडावे.

खरेदी करताना खोक्याची कोणती बाजू वाचावी, तर जिच्यावर कोणी छायाचित्र लावत नाही ती. वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार आयात केलेल्या मालावर आयातदाराचे नाव व पत्ता, मूळ देश, कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहकाने संपर्क कोठे करायचा याचा तपशील असावा लागतो, आणि ऑनलाइन विक्रीच्या पानावरही मूळ देश दाखवावा लागतो. आयातदाराच्या नावाच्या जागी नुसता चिकटवलेला कोरा कागद असेल, किंवा पत्ता शहराच्या नावावरच थांबत असेल, तर पुढचे सगळे अंदाज बांधून घ्यावेत. मेड इन चायना या तीन शब्दांवरून मात्र काही ठरवू नये, कारण वाकाकोची अस्सल यंत्रेही चीनमध्येच बनतात. करड्या प्लास्टिकच्या एअरोप्रेसवर ते शब्द दिसले तर गोष्ट वेगळी; ते अमेरिकेत बनते.

आणि सुटे भाग मिळतात का ते आधी विचारावे. वॉशर हा झिजण्यासाठीच असतो. दोनतीन वर्षांनी तो बदलावा लागणार हे अस्सल यंत्र बनवणाऱ्याने गृहीत धरलेले असते आणि म्हणून तो वेगळा विकतो. नकलेचा वॉशर वेगळा मिळत नाही, आणि अस्सलचा वॉशर तिला बसेल असा भरवसा नाही, कारण मघाचे ते अर्ध्या मिलिमीटरचे आकसणे. मी प्रयत्न करून पाहिला. वरच्या भागातला सैलपणा गेला आणि तळाशी दट्ट्या असा रुतला की हातोडीचा दांडा लावून काढावा लागला. अस्सलचे रबरही निष्काळजीपणाने लवकर मरते. दट्ट्या नळीत अर्ध्यावर ठेवून यंत्र कपाटात टाकले की रबर दबलेल्या आकारात बसते आणि पुन्हा फुलत नाही, म्हणून धुऊन झाल्यावर तो पार आरपार ढकलून, रबर मोकळे राहील असा ठेवावा.

मी दोन्ही तसेच ठेवतो, सवयीने. नकलेच्या खोक्यात नळीबरोबर एक नरसाळे आणि ढवळायचा चमचाही आला होता; नरसाळे अस्सलच्या तोंडावर अगदी बरोबर बसते आणि रोज तेच वापरतो, कारण त्यावर कशाचाच दाब येत नाही.